अंकलिपीचा क्रम आणि वाचनाचा क्रम

पहिलीत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या दप्तरात एक पातळसे पुस्तक असते: अंकलिपी. पुस्तक स्वस्त, घरोघरी पोचलेले. त्याचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. परंतु वाचन शिकविण्याचे साधन म्हणून ते तपासून पाहिले, तर आपल्या प्रशिक्षणांतील एक मोठी उणीवही ध्यानात येते.

अंकलिपीतील वर्णमालेचा क्रम शास्त्रीय आहे यात शंका नाही. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांनुसार तो लावलेला आहे. मात्र हा क्रम व्याकरणकाराचा, वाचणाऱ्याचा नव्हे. ङ आणि ञ क्वचितच भेटतात. तरी ते पाचव्या आणि दहाव्या स्थानी. उलट सतत लागणारे र, ल, स अगदी शेवटी! पुढे बाराखडी येते. 34 व्यंजने गुणिले 12 म्हणजे 408 रूपे. ती पाठ होईपर्यंत मुलाच्या हाती एकही अर्थपूर्ण वाक्य येत नाही.

चित्रांचेही तेच. ‘ब बदकाचा, स ससाचा’ असे घोकलेले मूल ‘बस’ हा शब्द पाहून ‘बदक, ससा’ म्हणते. ही चूक मुलाची नाही, पद्धतीची आहे. आणि ‘ठसा’, ‘षटकोन’ यांपेक्षा रत्नागिरीच्या मुलाला पडवी, खळे, आगर, पऱ्या हे शब्द कितीतरी जवळचे असतात. घरी संगमेश्वरी बोलणाऱ्या मुलाला छापील मराठी आधीच थोडी परकी वाटते. परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाने ही बोली आधी कान देऊन ऐकायला हवी.

याला पर्याय आहे, आणि तो महाराष्ट्रातच घडला आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरे व मात्रा छोट्या गटांत एकत्र शिकविण्याची पद्धत रुजविली. एक उदाहरण करून पाहू. म, क, ल ही तीन व्यंजने, सोबत ‘आ’ आणि त्याचा काना. एवढ्यावर ‘मामा काल आला’ हे वाक्य तयार होते. पहिल्याच आठवड्यात मूल वाचते आणि मामा कोठून आला हे सांगूही लागते!

मग प्रशिक्षणांत हे का पोचत नाही? पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा अभ्यास झाला. त्याचा अहवाल 2017 साली आला. तिसरीपर्यंत पोचलेल्या अनेक मुलांना मात्रा व जोडाक्षरे पक्की जमत नव्हती, आणि वर्गात अर्थापेक्षा नक्कल व घोकंपट्टीवर भर होता. आपली प्रशिक्षणे मात्र राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्यांनी खाली उतरतात. प्रत्येक पायरीवर ‘काय करावे’ उरते, ‘का करावे’ गळून पडते. ‘कि’मधील वेलांटी आधी दिसते पण उच्चार नंतर होतो, मूल येथे का अडते, यावर चर्चा होतच नाही. व्याख्यान संपते, हजेरीपत्रकावर सही होते. पुढे वर्गात कोणी डोकावत नाही.

साधन आपल्याकडे तयार आहे. 1994 पासून केंद्रप्रमुखांची रचना आहे, केंद्राच्या शिक्षण परिषदा भरतात. रत्नागिरीत वाड्या विखुरलेल्या, शाळा लहान. दोन शिक्षकी शाळेतील गुरुजींना विचारायला शेजारी कोणी नसते. म्हणून परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी प्रत्येकाने अडखळणाऱ्या एका मुलाची वही आणावी. मूल कोठे थांबले, काय वाचले, त्यामागे त्याचा तर्क कोणता, हे सर्वांनी मिळून शोधावे. पुढच्या महिन्यात तीच वही पुन्हा पाहावी. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या अधिव्याख्यात्यांनीही तेथे येऊन बसावे.

तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट 2021 च्या ‘निपुण भारत’ने ठेवले आहे. चौथीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान सारेच वाचून शिकायचे असते. तोवर ज्याला वाचता आले नाही, त्याला आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. तो शिक्का मारण्यापूर्वी अंकलिपी एकदा मुलाच्या डोळ्यांनी उघडून पाहावी.