नकाशावरची रयत

पावसाळा सरला की धर्मग्रामातील तरुणांना घेऊन राजगड चढण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. गुंजवण्याच्या बाजूने वर जावे, पद्मावती माचीवर शिदोरी सोडावी आणि समोरच्या तोरण्याकडे पाहत इतिहासाच्या चार गोष्टी बोलाव्यात. गेल्या खेपेस एका महाविद्यालयीन तरुणाने मोठ्या अभिमानाने सांगितले, "फादर, परवा मी मराठ्यांचं राज्य उभारून थेट काबूलपर्यंत नेलं." संगणकावर, अर्थातच. आम्ही विचारले, "आणि या खोऱ्यातल्या माणसांचं काय झालं?" तो जरा गोंधळला. "माणसं दिसत नाहीत, फादर. मनुष्यबळ दिसतं."

या उत्तराने आमचे कुतूहल चाळवले. पुढे काही रविवारी सायंकाळी त्याच्या घरी बसून आम्ही हे खेळ पाहिले. मुलांचे चाळे म्हणून ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. आजची कित्येक मुले इतिहासाचा पहिला नकाशा पाठ्यपुस्तकात नव्हे, येथे पाहतात. म्हणूनच एखाद्या ऐतिहासिक कादंबरीची करावी तशी त्यांचीही चिकित्सा व्हायला हवी.

स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स ही संस्था हे खेळ काढते. 'युरोपा युनिव्हर्सालिस'चा चौथा भाग २०१३ सालचा. १४४४ पासून १८२१ पर्यंतचा काळ, सारे जग, आणि खेळणारा एखाद्या राज्याच्या गादीवर. प्रत्येक प्रांताची योग्यता तीन आकड्यांत सांगितलेली असते: कर, उत्पादन आणि मनुष्यबळ. शत्रूची फौज फिरून गेली की प्रांताची 'नासधूस' वाढते आणि उत्पन्न घटते. पण शांतता झाली की ती आपोआप ओसरते, लढाईत संपलेले मनुष्यबळही काही वर्षांत विहिरीला पाझर फुटावा तसे पुन्हा भरते. असंतोष वाढलाच, तर साठवलेले लष्करी गुण खर्चून 'कठोर उपाय' योजता येतात. आमच्या तरुण मित्राने ते तीनदा योजले. त्याचे राज्य अधिकच बळकट झाले.

आता आपण ज्या माचीवर बसलो होतो तेथील १६६५ सालची हकीकत पाहू. मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला होता. किल्ला लवकर पडेना, तेव्हा एप्रिलमध्ये त्याने दाऊदखानाला राजगड आणि रोहिड्याच्या मुलखात पाठवले. काम एकच, मुलूख जाळायचा. रोहिड्याच्या परिसरातील सुमारे ५० खेडी उद्ध्वस्त झाली, गुरे हाकलून नेली, माणसे कैद केली. खोऱ्यात दडलेल्या, तोवर फौज न पाहिलेल्या वाड्याही शोधून काढल्या. जयसिंगाला खेळातला आकडा खाली आणायचा नव्हता. गडावरच्या माणसाचे घर गडाखाली आहे, हे तो जाणून होता. जूनमध्ये तह झाला. २३ किल्ले गेले, १२ राहिले. वज्रगड पडला होता, मुरारबाजी कामी आला होता. पण जळणारी खेडीही त्या निर्णयात होती, असे आमचे मत आहे. खेळातल्या राजाला असा निर्णय घ्यावाच लागत नाही. खेडी जळू देऊन तो पाच वर्षे थांबू शकतो.

आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. लोकांची स्थिती पडद्यावर दाखवणे पुरेसे नाही, तिने राज्यकर्त्याचा हात धरला पाहिजे. मावळात तो धरला जाई, कारण रयतेकडे एक उपाय होता: गाव सोडून जाणे. आपल्या जुन्या भाषेत 'परागंदा होणे'. १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने आणि त्याआधीच्या लुटीने पुणे परगणा ओसाड पडला. जमीन होती, कसणारे नव्हते. मग शहाजीराजांच्या जहागिरीत कौल देऊन कुळे वसवावी लागली. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग वर्षागणिक थोडा चढता. यालाच इस्तावा म्हणत. माजलेल्या लांडग्यांना मारणाऱ्यास बक्षिसे दिल्याचेही सांगतात. कौल म्हणजे राज्याने रयतेला दिलेला शब्द. तो मोडला तर पुढच्या वर्षी नांगर चालत नसे. पुढे चिपळूणकडील छावणीला शिवाजी महाराजांनी जी ताकीद दिली, तिचाही आशय हाच आहे: धान्य, वैरण विकत घ्या, रयतेकडून ओरबाडू नका, नाहीतर तिला शत्रू परवडला असे वाटेल. खेळात असा शब्द देण्याची सोय नाही, म्हणून तो मोडण्याची शिक्षाही नाही.

देशमुखांचे तसेच. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा कारीचे कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांकडे राहिले, तर उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. दोन्ही गावे एकाच रोहिडखोऱ्यातील, आजच्या भोर तालुक्यातील. या दोन निर्णयांमागे वतनाचे जुने भांडण होते. खेळ त्याला 'निष्ठा' म्हणतो आणि शेकडा प्रमाणात मांडतो.

'व्हिक्टोरिया'चा तिसरा भाग २०२२ सालचा, काळ १८३६ ते १९३६. तो निश्चितच सरस आहे. येथे माणसे गटागटाने आहेत. त्यांना धान्य, कपडा, सरपण लागते. भाव चढले की जीवनमान उतरते आणि लोक बिथरतात. (धर्मसंस्था येथे बहुधा सुधारणांना अडवणारा हितगट म्हणून येते. आम्हांस राग आला नाही. मात्र मजुराला कुटुंब पोसण्याइतके वेतन मिळावे, असे पोप तेरावे लिओ यांनी याच काळात, १८९१ मध्ये, लिहिले, हे मित्राला सांगण्याचा मोह आवरला नाही.) तरीही उणीव राहते. गरीब माणूस येथे महत्त्वाचा ठरतो तो धोकादायक झाला तरच. मुकाट्याने घर सोडून मुंबईच्या गिरणीत गेलेला मावळी माणूस खेळाच्या हिशेबात नफाच आहे.

राजगडावरून दक्षिणेस भाटघरचे पाणी दिसते. वेळवंडीवरचे हे धरण १९२८ च्या सुमारास, भोर संस्थानच्या हद्दीत पुरे झाले. नीरेच्या कालव्यांनी ते पाणी खाली बारामती, फलटणकडे गेले, तेथे ऊस पिकला. खेळ या दोन गोष्टींची बेरीज करतो आणि बेरीज अधिकच येते. वेल्ह्याच्या उत्तरेस मुळशी खोऱ्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांसह शेतकरी धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांनी भाव वाढवून मागितला नव्हता. त्यांना जमीनच द्यायची नव्हती. ते हरले. खेळातही ते हरले असते, एवढे खेळाने बरोबर ओळखले आहे. पण किमतीवाचून बोलणारा माणूस मांडायला तेथे जागा नाही.

'युरोपा'चा पाचवा भाग नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. त्यात माणसे मोजलेली आहेत आणि सैन्यात ओढलेला शेतकरी शेतातून वजा होतो, ही चांगली सुधारणा होय. आमच्या मित्राने तो घेतला आहे. ओसाड झालेला मुलूख पुन्हा वसायला किती वर्षे लागतात, तेवढे वहीत टिपून ठेवायला आम्ही त्याला सांगितले आहे.