नाताळांतील सजविलेलीं घरें आणि इतिहासाचा पुरावा

जुनें घर हें इतिहासाचें एक साधन आहे. शाईनें कागदावर लिहिलेल्या पत्रास संशोधक जो मान देतो, तोच मान दगड, विटा, लांकूड व चुना यांच्या या दस्तऐवजासही दिला पाहिजे; आणि पत्राच्या परीक्षणास जे नियम लागू पडतात, तेच त्यासही लागू पडले पाहिजेत. पत्र कोणीं, केव्हां व कोणास लिहिलें, मूळ मजकूर कोणता आणि मागाहून दुसऱ्या हातानें घातलेला कोणता, हें ठरविल्यावांचून आपण त्याचा आधार घेत नाहीं. इंग्लंडांत दर वर्षीं डिसेंबर महिन्यांत व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतील कित्येक नामांकित घरें हिरव्या पाल्याच्या माळा, मेणबत्त्या, नाताळचें झाड व मांडलेलीं मेजें यांनीं सजवून लोकांस दाखविण्याची चाल पडली आहे. तीं पाहून परतणारा मनुष्य ‘व्हिक्टोरियाकालीन नाताळ असा होता’ अशी खूणगांठ मनाशीं बांधून परततो. ही खूणगांठ कितपत पक्की आहे, हें तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं लंडनमधील डाउटी स्ट्रीटवरील चार्ल्स डिकन्सचें घर, केन्सिंग्टन भागांतील स्टॅफर्ड टेरेस येथील लिन्ली सॅम्बोर्न याचें घर आणि वाइट बेटावरील खुद्द राणीचा ऑस्बोर्न प्रासाद, हीं तीन घरें आम्हीं विचारासाठीं घेतलीं आहेत.

प्रथम कालाचा प्रश्न. व्हिक्टोरिया गादीवर आली ती २० जून १८३७ रोजीं, आणि वारली २२ जानेवारी १९०१ रोजीं. या त्रेसष्ट वर्षांस एकच नांव असलें तरी त्यांतील रीतीभाती एकसारख्या नव्हत्या. नाताळपुरतें बोलावयाचें तर आज जीं त्या सणाचीं ठळक चिन्हें मानलीं जातात, त्यांतील बहुतेक या अमदानीच्या मध्येंच कोठें तरी उपजलीं. छापील शुभेच्छापत्र हेन्री कोल यानें हॉर्स्ली नामक चित्रकाराकडून काढवून घेतलें तें १८४३ सालीं. एक पेनीचें टपाल १८४० सालीं सुरू झालें नसतें तर त्या पत्रास वाट मिळती ना. नाताळचें झाड जर्मन वळणाचें. राजघराण्यांत तें पूर्वींपासून होतें, परंतु राणी, तिचा पति आल्बर्ट व मुलें झाडाभोवतीं उभीं असल्याचें चित्र १८४८ च्या डिसेंबरांत एका लंडनच्या सचित्र साप्ताहिकानें छापलें, तेव्हांपासून मध्यम वर्गाच्या घरांत त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. ओढतांच फटकन् वाजणारी कागदी नळी टॉम स्मिथ या मिठाईवाल्यानें काढली तीही याच सुमाराची. नाताळचा दुसरा दिवस कायद्यानें सुटीचा ठरला तो १८७१ सालीं. सारांश, १८३७ चा नाताळ आणि १८९७ चा नाताळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सवाई माधवरावांच्या वेळचें हजारी कारंजें थोरल्या बाजीरावांच्या डोळ्यांसमोर उडत होतें असें कोणी लिहिलें, तर ‘दोन्ही पेशवाईच’ एवढ्या सबबीवर आपण त्यास सोडणार नाहीं.

या कसोटीवर डिकन्सचें घर प्रथम घासून पाहूं. हें घर १९२३ सालीं पाडलें जाण्याच्या बेतांत होतें. डिकन्सच्या चाहत्यांच्या मंडळानें तें विकत घेऊन वांचविलें आणि १९२५ सालीं संग्रहालय म्हणून खुलें केलें, याबद्दल त्या मंडळाचे उपकार कोणीही मानील. नाताळ आणि डिकन्स हीं दोन नांवें इंग्रजी वाचकाच्या मनांत इतकीं जडलेलीं आहेत कीं, डिसेंबरांत या घराकडे लोकांचा ओघ लागावा यांत नवल नाहीं. परंतु तारखा काय सांगतात? डिकन्स तेथें राहावयास आला तो १८३७ च्या वसंत ऋतूंत, आणि १८३९ च्या डिसेंबरांत त्यानें घर सोडलें. म्हणजे या घरांत त्याचे नाताळ झाले ते दोनच, १८३७ चा व १८३८ चा. आणि ते या अमदानींतील अगदीं पहिले दोन होत. तेव्हां शुभेच्छापत्र नव्हतें, फटाकनळी नव्हती, आणि अशा मध्यम वर्गाच्या लेखकाच्या घरीं झाड उभें राहण्याची चाल अद्याप पडावयाची होती. ज्या नाताळकथेमुळें त्याचें नांव या सणाशीं कायमचें निगडित झालें, ती १८४३ च्या शरदांत डेव्हनशायर टेरेस येथील पुढच्या घरीं लिहिली गेली व १९ डिसेंबरास प्रसिद्ध झाली. तें घर मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाडण्यांत आलें. ‘पिकविक पेपर्स’ मधील खेड्यांतल्या नाताळाचें वर्णन तरी या घरचें म्हणावें, तर तो भाग १८३६ च्या अखेरीस, म्हणजे बिऱ्हाड येथें येण्यापूर्वींच, प्रसिद्ध झालेला. एका घराची पुण्याई दुसऱ्या घरास चिकटविण्याचा हा प्रकार आहे. जें घर गेलें त्याचा सण, जें राहिलें त्यानें साजरा करावयाचा!

एवढ्यावरच हा दोष थांबता, तर आम्ही त्याकडे काणाडोळा केला असता. परंतु सजावट नसलेलें दाखविते इतकेंच नव्हे, तर असलेलें झांकते. डिकन्सच्या पत्नीची धाकटी बहीण मेरी होगार्थ याच घरांत ७ मे १८३७ रोजीं, अवघ्या सतराव्या वर्षीं, एका रात्रींत आजारी पडून वारली. त्या आघातानें लेखकाचें लिहिणें बंद पडलें. ‘पिकविक’ व ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या दोन्ही कादंबऱ्यांचे त्या पुढील महिन्याचे भाग निघूं शकले नाहींत. पुढें १ जानेवारी १८३८ रोजीं त्यानें रोजनिशींत जी नोंद केली, ती त्याचा मित्र व चरित्रकार फॉर्स्टर यानें छापली आहे. गेल्या वर्षारंभीं मेरी आपणांमध्यें होती, आज ती नाहीं, असा तिचा आशय आहे. या घरांतील पहिल्या नाताळानंतर आठवड्याच्या आंत त्याच माणसाच्या हातानें लिहिलेला हा पुरावा आहे. यापरतें अस्सल साधन कोणतें पाहिजे? तो नाताळ सुतकाच्या छायेंतला होता. त्याच जिन्यावर पाल्याच्या माळा व तांबड्या फिती बांधून जो देखावा उभा राहतो, तो त्या एका ओळीच्या उलट साक्ष देतो. दु:खी घर दु:खीच दाखवावें, असा आमचा हट्ट नाहीं. परंतु जेथें घरच्या धन्याचा शब्द उपलब्ध आहे, तेथें सजावटकाराच्या कल्पनेनें त्याच्यावर मात करूं नये, इतकें तर म्हणावयास हवें.

स्टॅफर्ड टेरेसचें घर या उलट बाजूचें उदाहरण आहे. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा चित्रकार लिन्ली सॅम्बोर्न आपली पत्नी मॅरियन हिच्यासह १८७५ सालीं तेथें राहावयास आला व १९१० सालीं वारला. पुढें त्याच्या मुलानें घर जवळजवळ जसेंच्या तसें ठेविलें, आणि त्याच्या नातीच्या पुढाकारानें तेथेंच भरलेल्या बैठकींतून १९५८ सालीं व्हिक्टोरियाकालीन वास्तूंच्या रक्षणासाठीं एक मंडळ जन्मास आलें. या घराची खरी श्रीमंती त्याच्या कागदांत आहे. घरांतील सामानाची १८७७ सालीं केलेली यादी उपलब्ध आहे. मॅरियनची रोजनिशी १८८१ पासून पुढें अनेक वर्षांची आहे. शिवाय धन्यानें काढलेलीं हजारों छायाचित्रें आहेत. खोलींत खुर्ची कोठें होती, पाहुणे कोण आले, चाकरांशीं बाईचें काय बिनसलें, हें सारें तेथें साधार सांगतां येतें. १८८० नंतर झाड, पत्रें व भेटी यांचा प्रघात अशा घरीं रुळलेला होता, म्हणून कालविपर्यासाची भीति येथें थोडी. तरी एक सावधगिरी हवीच. हें घर पस्तीस वर्षें हळूहळू भरत गेलें. १८७७ ची यादी आणि आजची खोली एक नव्हे. म्हणून येथें नाताळ मांडावयाचा तर ‘अमुक सालचा’ असा मांडावा, आणि त्या सालच्या रोजनिशींत जें आहे तेवढेंच मांडावें. एखाद्या वर्षीं बाई आजारी असेल व जेवण साधें झालें असेल, तर तेंही दाखविण्याचें धैर्य धरावें. असा एक साधा नाताळ दहा झगमगीत नाताळांहून अधिक शिकवील.

तिसरें घर ऑस्बोर्न. आल्बर्टनें टॉमस क्यूबिट या बांधकाम करणाऱ्याच्या साह्यानें १८४५ पासून तें उभारलें. १४ डिसेंबर १८६१ रोजीं विंडसर येथें तो वारला. त्यानंतर राणी बहुतेक नाताळ ऑस्बोर्नलाच घालवी, व तेथेंच ती वारली. तिची रोजनिशी आज सर्वांस वाचावयास मिळते. परंतु संशोधकानें विसरूं नये कीं, तिचा बहुतेक भाग मूळ नव्हे: राजकन्या बिॲट्रिस हिनें आईच्या इच्छेप्रमाणें तिची नक्कल केली, नक्कल करतांना गाळावेंसें वाटलें तें गाळलें, आणि मूळ वह्या नष्ट केल्या. आपल्याकडील बखरींच्या नकलांचा ज्यांस अनुभव आहे, त्यांस याचा अर्थ समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आल्बर्टच्या मृत्यूची तिथि नाताळाच्या अकरा दिवस अगोदर येई; म्हणून ऑस्बोर्नचा सण हा उत्सव आणि श्राद्ध यांच्या मधला कांहींसा प्रकार होता, ही गोष्ट माळा व दिवे यांच्या झगमगाटांत हरवूं नये.

ऑस्बोर्नच्या बाबतींत आम्हां मराठी वाचकांस आणखी एक गोष्ट जवळची आहे. तेथील दरबार दालन १८९० च्या सुमारास बांधलें गेलें. त्याची योजना लॉकवुड किपलिंग व लाहोरचे भाई रामसिंग यांनीं केली. हा किपलिंग १८६५ पासून दहा वर्षें मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिक्षक होता. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील कोरीव चित्रें त्याचींच. दालनांतील शुभ्र नक्षी पाहून प्रेक्षक थक्क होतो. पण ज्या वर्षांत त्या छताखालीं मेजवान्या झडत होत्या, त्याच वर्षांत, १८९६ पासून, मुंबईंत व मग पुण्यांत प्लेगनें माणसें मरत होतीं, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनीं हा देश होरपळला होता. हें सांगण्यानें सणाचा विरस होईल असें कोणी म्हणेल. परंतु दालन त्या साम्राज्याचें आहे, आणि साम्राज्याचा जमाखर्च एकाच बाजूनें वाचतां येत नाहीं.

या प्रदर्शनांच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें आम्ही नाकारीत नाहीं. जुन्या छपराची दुरुस्ती पुराव्यानें होत नसते, पैशानें होते. आणि हिंवाळ्यांत ओस पडणारीं घरें सणामुळें प्रेक्षकांनीं भरतात. ज्या मुलास रिकामी खोली कंटाळवाणी वाटते, त्यास मांडलेलें मेज पाहून पूर्वींचीं माणसें खरीं वाटूं लागतात, हाही मोठाच लाभ आहे. म्हणून सजावट बंद करा, असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या अपेक्षा तीन आहेत. पहिली, सजावट कोणत्या सालची समजावयाची, आणि त्यांतील साधार भाग कोणता व काल्पनिक कोणता, हें दारावरच स्पष्ट लिहावें. दुसरी, निदान एक खोली त्या घरच्या धन्याच्या अस्सल कागदांस राखावी. डाउटी स्ट्रीटवर ती मेरीची असावी. तिसरी, तळघरांतील स्वयंपाकघर व धुण्याची खोली यांस दिवाणखान्याइतकेंच महत्त्व द्यावें. कारण ज्या दिवशीं धन्यास सुटी असे, त्याच दिवशीं चाकरांच्या कामाचा डोंगर सर्वांत उंच असे. कोळसा वाहणाऱ्या हातांवांचून तो नाताळ ऊबदार झालाच नसता.

हा विचार केवळ इंग्लंडपुरता नाहीं. आपल्याकडेही जुने वाडे सणावारीं दिव्यांनीं उजळून दाखविण्याची हौस वाढत आहे, आणि ती आम्हांस प्रियच आहे. शनिवारवाड्याचे आंतील महाल १८२८ च्या आगींत जळाले. उरले ते तट, दरवाजे व जोतीं. त्या जोत्यांवर पणत्या अवश्य लावाव्यात. परंतु त्यांच्या उजेडांत नसलेला महाल दिसूं लागला, तर दोष पणतीचा नव्हे, दाखविणाराचा होय. प्रेक्षकास जोतें जोतें म्हणून दाखविणें, आणि त्यावर काय होतें तें कागद काढून सांगणें, हेंच आपलें काम आहे.