कन्येचा वाटा आणि एक पोटकलम

ग्रंथाचें परीक्षण करावें तसें कायद्याच्या वाक्याचेंही करावें, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. कादंबरी वाईट निघाली तर वाचकाचे चार तास फुकट जातात. कायद्याचें वाक्य वाईट निघालें तर कोणाच्या तरी हातची जमीन जाते. म्हणून आज आम्ही परीक्षणासाठीं एकच वाक्य घेतलें आहे. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या दुसऱ्या कलमाचें तें दुसरें पोटकलम होय. केंद्र सरकार राजपत्रांत अधिसूचना काढून निराळें सांगत नाहीं तोंवर या कायद्यांतील कांहींही अनुसूचित जमातींच्या माणसांस लागू नाहीं, असा त्याचा आशय आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतही असेंच पोटकलम आहे.

वाक्य रचणारांचा हेतु वाईट नव्हता, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. आदिवासींच्या चालीरीति निराळ्या; त्यांवर शहरी कायद्याचा वरवंटा फिरूं नये, ही भावना योग्यच होती. भिल्लांत वराकडून वधूच्या बापास देज देण्याची चाल आहे. हुंड्यापायीं सुनांचा जीव घेणाऱ्या आम्हां पांढरपेशांनीं त्यांस विवाहनीति शिकवूं जाणें शोभण्यासारखें नाहीं. पण रूढीस मान देतांना ती रूढि कोणाच्या तोंडून ऐकावयाची, हें सांगावयाचें राहून गेलें. पंच पुरुष, साक्षीदार पुरुष, आणि बहिणीचा वाटा नाकारणारा भाऊही पुरुष! मग मुलीस वाटा देण्याची रूढि आमच्यांत नाहीं, असें उत्तर निघालें तर नवल तें काय?

विवाहाच्या बाबतींतला अनुभव २००१ सालीं दिसून आला. पतीनें दुसरें लग्न केलें म्हणून एक आदिवासी स्त्री सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. विवाह कायदा लागू नाहीं. आणि दुसरें लग्न रद्द ठरविणारी रूढि जमातींत आहे, हें तिला सिद्ध करतां आलें नाहीं. म्हणून पति मोकळा सुटला. वारशाविषयीं त्याच न्यायालयानें डिसेंबर २०२२ मध्यें, इतर समाजांतील मुलीस मिळणारा हक्क आदिवासी मुलीस कां नसावा, असा प्रश्न करून सरकारनें कायद्याचा फेरविचार करावा असें सुचविलें. दाद मात्र त्या मुलीस मिळाली नाहीं.

पुढें १७ जुलै २०२५ रोजीं छत्तीसगडांतील एका गोंड स्त्रीच्या वारसांचा निकाल लागला. तो आम्हांस या विषयावरील सर्वांत सरळ विचाराचा वाटतो. खालच्या न्यायालयांनीं, मुलीस वाटा मिळण्याची रूढि दाखवा, असें म्हटलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें प्रश्नच उलटा केला: मुलीस वगळण्याची रूढि कोणी दाखविली आहे? ती दाखविली नाहीं, तर समतेचें तत्त्व राज्यघटनेच्या चौदाव्या कलमांत आहेच. आणि वाटा मान्य झाला. तथापि निकालांत उणीव राहतेच. तो एका घराण्यापुरता आहे. दुसऱ्या मुलीनें पुन्हा वकील करावा, पुन्हा वर्षें मोजावीं. शिवाय त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्याच न्यायालयानें, अधिसूचना नसतां उत्तराधिकार कायदा जमातींस लावतां येत नाहीं, असें हिमाचल प्रदेशाच्या प्रकरणांत स्पष्ट केलें. म्हणजे तें पोटकलम जागच्या जागीं आहे.

आतां आमच्या अंबडाकडे वळूं. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असलेला हा मुलूख. तालुक्यांतील अंतरवाली सराटीचें नांव २०२३ सालच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळें सर्वतोमुखीं झालें. सप्टेंबर २०२५ मध्यें राज्य सरकारनें हैदराबाद गॅझेटाचा आधार मानल्यावर, त्याच गॅझेटावर बोट ठेवून बंजारा समाजानें अनुसूचित जमातींत समावेश मागितला. धनगर समाजाची तशी मागणी तर त्याहून फार जुनी आहे. ती मागणी रास्त कीं अरास्त, हा आमचा आजचा विषय नव्हे. पण या गदारोळांत एक प्रश्न आमच्या ऐकण्यांत आला नाहीं, तो येथें विचारतों: त्या दिवशीं मुलीच्या वाट्याचें काय होणार?

आज अंबडच्या धनगर किंवा बंजारा घरांतली मुलगी भावाइतकीच वडिलोपार्जित जमिनीची हक्कदार आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं अविवाहित मुलींस आणि केंद्रानें २००५ सालीं सर्वच मुलींस जन्मतः सहदायाद केलें. २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क आणखी पक्का केला. समाज अनुसूचित जमातींत गेला कीं पुढें उघडणाऱ्या वारशांच्या आड तें पोटकलम येतें. मुलास नोकरी आणि शिष्यवृत्ति मिळेल, मुलीसही मिळेल, पण बापाच्या शेतावरील तिचा हक्क रूढीच्या साक्षीपुराव्यावर लोंबकळत राहील. आमची घरें हिंदु चालीनें वागतात, असें सिद्ध करून कायदा लावून घेण्याची वाट २००० सालच्या एका संथाळ प्रकरणांत मोकळी झाली होती, हें खरें. पण जमात म्हणून सवलत मागावयाची आणि मुलीनें मात्र आपण हिंदु चालीचे आहों असें न्यायालयांत शाबीत करावयाचें, हा दुटप्पीपणा तिच्यावर कां लादावा?

मुलगी परजातींत गेल्यास जमीन जमातीबाहेर जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाऊं नये म्हणून महाराष्ट्राच्या महसूल संहितेंत १९७४ पासून कडक बंधन आहेच. वारशाची उरलेली फट बुजवावयाची तर नियम करावा. भावानें जमीन गहाण टाकली म्हणून सर्व भावांचा वारसा कोणी बुडवीत नाहीं. मग बहिणीच्याच बाबतींत संशय हा निकाल कां ठरावा?

अंबडच्या खंडोबाच्या देवळाशीं अहिल्याबाई होळकरांचें नांव निगडित आहे. धनगरांच्या घरीं जन्मलेल्या या बाईचा एकुलता पुत्र मालेराव १७६७ मध्यें वारला, तेव्हां दिवाण गंगाधर यशवंत यांनीं दत्तक घेऊन बाईंनीं बाजूस व्हावें असें सुचविलें. बाईंनीं तें साफ नाकारलें आणि १७९५ पर्यंत राज्य केलें. त्यांच्या प्रतिमेस हार घालून निघणाऱ्या मोर्च्यांच्या निवेदनांत आणखी एका ओळीस जागा व्हावी, एवढीच आमची विनंति आहे: समावेशाबरोबरच मुलींचा वारसाहक्क राखणारी अधिसूचना काढावी. आणि आज जे भिल्ल, पारधी जमातींत आहेतच, त्यांच्या स्त्रियांस विचारून त्यांच्याकरितांही ती निघावी. त्याकरितां नवा कायदाही नको; खुद्द पोटकलमांतच सरकारास ही मुभा ठेविली आहे. जवळजवळ सत्तर वर्षें ती मुभा न वापरणें, हाच त्या वाक्याचा सर्वांत मोठा दोष आम्ही मानतों.