इमोजींची वारंवारता आणि भावाचा अर्थ : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
'इमोजी' हा मूळ जपानी शब्द असून 'ए' म्हणजे चित्र व 'मोजी' म्हणजे अक्षर असा त्याचा विग्रह होतो. शिगेताका कुरिता यांनी 'एनटीटी डोकोमो' या जपानी कंपनीसाठी १९९९ मध्ये सिद्ध केलेला १७६ चिन्हांचा संच प्रसिद्ध आहे. २०१० मध्ये युनिकोडने या चिन्हांना प्रमाणित संकेतांक दिले व ती जगभर पसरली. त्यांपैकी सर्वाधिक वापर कोणत्या चिन्हांचा होतो, याची क्रमवारी युनिकोडने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. प्रस्तुत लेखात त्या क्रमवारीची चिकित्सा केली आहे.

क्रमवारीचे स्वरूप :
आनंदाश्रूंसह हसणारा चेहरा या क्रमवारीत पहिला होता. एकूण वापरात त्याचा एकट्याचा वाटा ५ टक्क्यांहून अधिक होता. त्यानंतर लाल हृदय, लोळून हसणारा चेहरा, उंचावलेला अंगठा, मोठ्याने रडणारा चेहरा व जोडलेले हात असा क्रम होता. उपलब्ध ३,६६३ चिन्हांपैकी पहिल्या शंभरांनीच सुमारे ८२ टक्के वापर व्यापला होता. चिन्हांचे भांडार वाढले की अभिव्यक्तीही समृद्ध होते, हे मत त्यामुळे टिकत नाही.

अश्रू आणि त्यांचे कारण :
पहिल्या पाच चिन्हांपैकी किमान दोहोंत अश्रू आहेत, ही बाब लक्षणीय आहे. भरताने नाट्यशास्त्रात अश्रूंची गणना आठ सात्त्विक भावांत केली असून त्यांच्या कारणांत शोकाप्रमाणेच आनंदाचाही निर्देश केला आहे. अश्रू कशामुळे आले, हे विभावावरून कळते. केवळ अश्रूंवरून नव्हे. रडणारा चेहरा आज अनावर हसू दाखविण्यासाठीही योजला जातो. तो कोणत्या वाक्यापुढे आला, हे मोजणीत गळून पडते. म्हणजेच भावाचे चिन्ह हाती राहते, विभाव मात्र हरवतो.

जोडलेले हात :
जपानमध्ये हे चिन्ह विनंती वा आभार सुचविते. मराठी भाषकांच्या संदेशांत तेच सकाळचा नमस्कार, वडीलधाऱ्यांविषयीचा आदर, क्षमायाचना आणि निधनवार्तेखालील श्रद्धांजली अशी अनेक कामे करते. वादात 'आता पुरे' म्हणून केलेला कोपरापासूनचा नमस्कारही त्यातच सामावतो. मोजणीच्या दृष्टीने हे सारे एकच. येथे एक गंभीर प्रश्न उद्भवतो. सुप्रभात संदेशाला आणि एखाद्याच्या पितृशोकाला एकाच चिन्हाने उत्तर दिले जात असेल, तर सांत्वनाचे शब्द शोधण्याची सवय क्षीण होण्याचा धोका आहे. सांत्वनात शब्दांसाठी चाचपडणे हाच आस्थेचा भाग असतो.

निष्कर्ष :
वारंवारता चिन्हांची लोकप्रियता सांगते, भावनेचे प्रमाण सांगत नाही. आनंदाश्रूंचा चेहरा पहिला आला म्हणून जग अधिक हसते, असा निष्कर्ष काढता येत नाही. महाविद्यालयीन प्रकल्पांत इमोजींची गणना करताना प्रत्येक चिन्हासोबत लगतचे वाक्य, संवादकांचे नाते व प्रसंग यांची नोंद अनिवार्य मानावी. तसे झाले तरच अशा गणनेला भाषाभ्यासाचे मोल प्राप्त होईल.