पत्रक बरोबर आहे, पण ते कळते का?

आरोग्यशिक्षणाचे साहित्य तपासताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : यातली माहिती बरोबर आहे का? ज्याच्यासाठी हे लिहिले त्याला ते कळेल का, हा दुसरा प्रश्न राहूनच जातो. वाचक सत्तरीतला असेल तर तो विशेष महत्त्वाचा ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढच्या व्यक्ती सुमारे १० कोटी ४० लाख होत्या. त्यांपैकी साधारण ४४ टक्केच साक्षर होत्या. स्त्रियांमध्ये तर २८ टक्केच. म्हणजे छापील पत्रक निम्म्याहून अधिक वृद्धांशी बोलतच नाही.

याला उत्तर म्हणून अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण हटकून दिले जाते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गाणी, गोष्टी, चित्रे आणि पुनःपुन्हा चर्चा ही त्यांची साधने होती. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली दर हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९३ पर्यंत १९ वर आला. वाचता न येणाऱ्या माणसालाही विज्ञान पूर्ण समजू शकते, याचा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल. तरीही जामखेडची पद्धत जशीच्या तशी उचलून वृद्धांसाठी वापरावी काय? मला वाटते, नाही. त्यासाठी वयाबरोबर नेमके काय बदलते ते आधी पाहावे लागेल.

‘म्हातारपणी डोके चालत नाही’ हे विधान शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. रेमंड कॅटेल व जॉन हॉर्न यांनी १९६० च्या दशकात बुद्धीचे दोन भाग वेगळे दाखवले. नवी माहिती झटपट हाताळण्याची क्षमता तरुणपणानंतर हळूहळू उतरते. शब्दसंपत्ती, अनुभव, व्यवहारज्ञान मात्र साठी-सत्तरीपर्यंत बरेचसे टिकून राहते. उतरते ती मुख्यतः गती, आणि एका वेळी चार गोष्टी मनात धरून ठेवण्याची ताकद. स्मृतिभ्रंश हा वेगळा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांत तो असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे बहुसंख्य वृद्धांना तो नसतो, आणि त्यांचा न समजण्याचा दोष पुष्कळदा सांगणाऱ्याकडेच जातो.

आता नेहमीची पत्रके पाहू. ‘ही गोळी जेवणाआधी, ती जेवणानंतर, तिसरी एक दिवसाआड’ हे एका दमात सांगणे म्हणजे नेमक्या उतरत्या क्षमतेवर ओझे टाकणे. ‘मीठ कमी खा’ हा उपदेश पापड, लोणचे, खारवलेल्या मिरच्या यांचे नाव घेत नाही; मग आजी भाजीतले मीठ कमी करते आणि लोणच्याची फोड वाढवते. तिसरा दोष सहज लक्षात येत नाही. ‘गैरसमज’ आणि ‘सत्य’ असे दोन रकाने पाडायची आपल्याकडे आवड आहे. स्कर्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आरोग्यविषयक काही विधाने ‘खोटी’ म्हणून वृद्धांना वारंवार सांगितली. तीन दिवसांनी त्यांतली पुष्कळ विधाने त्यांना खरी म्हणून आठवली! विधान ओळखीचे झाले होते, त्याला लावलेली ‘खोटे’ ही खूण गळून पडली होती. पुढच्या प्रयोगांत हा उलटा परिणाम दर वेळी दिसला नाही. पण गैरसमज ठळक छापून खाली बारीक अक्षरात खुलासा देणे शहाणपणाचे नाही, एवढे खरे.

जामखेडच्या पद्धतीत हे दोष बरेच कमी आहेत. ती आधीच्या अनुभवाला धरून चालते आणि घाई करत नाही. पण तिच्याही मर्यादा आहेत. तिची घडण बाळंतपण, कुपोषण, जुलाब, कुष्ठरोग या प्रश्नांभोवती झाली. वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ धूसर होतात. त्यामुळे अनेक जण एकदम बोलतात त्या चर्चेत वृद्ध मागे पडतात आणि मान डोलावतात. दुसरे म्हणजे, गाणे जे शिकवते ते पक्के बसते. हीच त्याची ताकद, आणि अडचणही. रक्तदाबाची मात्रा बदलली, गोळीचा रंग बदलला, की पक्के बसलेलेच आड येते.

मीठ-साखर-पाण्याचे उदाहरण घ्या. एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाबात हे पाणी द्यावे, हा आशय आजी विसरत नाही, आकडे विसरते. मीठ जास्त पडले तर बाळाला अपाय होतो. तयार पाकिटांतही काही एक लिटरची, काही २०० मिलिलिटरची असतात. तेव्हा येथे आकडा पाठ करून घेणे व्यर्थ. घरातलाच चमचा व घरातलेच भांडे एकदा मोजून ठरवावे, खूण करावी, आणि आजीच्याच हातून पाणी करवून घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न शाळेपर्यंत येतो. पाथर्डी, जामखेड भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी निघतात आणि अनेक घरांत नातवंडे व आजी-आजोबा मागे राहतात. गोळ्यांच्या पट्टीवरचे इंग्रजी नाव वाचणारा घरातला एकमेव माणूस अनेकदा आपला विद्यार्थी असतो. औषधाची जबाबदारी मुलावर टाकू नये. ती आरोग्यसेवकांचीच आहे. पण शिक्षक एक सवय लावू शकतात. ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘आजी, आता तुम्ही मला सांगा, कशी घेणार?’ असे विचारावे. सांगताना चुकले तर आपले सांगणे चुकले असे समजून पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगावे. एका वेळी एकच गोष्ट, स्वच्छ उजेडात, समोर बसून.

पत्रक चांगले की वाईट हे छापखान्यात ठरत नाही. ते आठ दिवसांनी आजीला विचारून पाहावे.