कुंभकोणमच्या वाचकाची कुरवंजी

कुंभकोणमला बसून महिनाभर तंजावरी मराठी ग्रंथ वाचणाऱ्यास सर्वांत अधिक रमविते ती दुसऱ्या सरफोजीची (कारकीर्द १७९८–१८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’. त्याच काळी तंजावरास छापलेली इसापनीतीची ‘बालबोध मुक्तावली’ तिच्यापुढे केवळ शालोपयोगी वाटते. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरवासी स्त्री आपल्या पर्वताचे व मुलखाचे वर्णन करते. सरफोजीने त्या वर्णनाची सीमा वाढवून तिच्या मुखी अवघ्या पृथ्वीचा भूगोल घातला. देशनामांच्या गर्दीत रस पुष्कळदा आटतो, हे खरे. तथापि पुणेरी मोजपट्टीने तिला नीरस पद्य ठरविणाऱ्याच्या ध्यानी ही गंमत येत नाही, की भूगोल पाश्चात्त्य, भाषा मराठी, आणि तो सांगण्याचा अधिकार मात्र तमिळ कुरवंजीचा! तेव्हा न्याय करण्यापूर्वी एखादी तमिळ कुरवंजी वाचावी; कुंभकोणमच्या वाचकास ती शेजारघरचीच आहे.