ठाण्याचा बंदी आणि शोधकाची कसोटी

रहस्यकथा ही प्रवासात चाळावी व स्टेशन येताच मिटावी अशी वस्तू होय, असा आपल्या सुशिक्षित घरांतून समज आहे. आम्हांस तो मान्य नाही. खून कोणी केला हा प्रश्न वस्तुतः सत्य कोणी व कसे ठरवावे हाच प्रश्न होय. आणि म्हणूनच या वाङ्मयप्रकाराने हौशी शोधकास एक अट घातली आहे, ती ही की, उत्तर काहीही निघो, त्यात त्याचा स्वतःचा लाभ नसावा. सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) या इंग्रजी कादंबरीतील परवीन मिस्त्री ही १९२१ सालच्या मुंबईतील वकीलबाई पोलिसांस मज्जाव असलेल्या गोषात जाते व तेथील विधवांचे बोलणे ऐकून घेते. वाचकाचा तिच्यावर विश्वास बसतो तो या ऐकण्यामुळे.

हीच कसोटी लावून ठाण्याशी निगडित अशी एक खरी हकीकत वाचून पाहावी. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हे पेशव्यांशी हिशेबाचा वाद मिटविण्यास इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरी, विठोबाच्या देवळातून परतताना रात्री त्यांचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या वेळी वेरुळाची लेणी पाहत होता. बातमी कळताच त्याने तपास हाती घेतला, आणि बाजीरावाचा विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे हाच सूत्रधार असे ठरविले. संशयास कारणे होती. प्रकृती बरी नसताही शास्त्र्यांस देवळात येण्याचा आग्रह त्र्यंबकजीने केला होता, आणि पेशव्यांनी खुनाचा तपास केला नाही. परंतु बडोद्यातही शास्त्र्यांस वैरी होते व त्यांचे हस्तक पुण्यात वावरत होते. असे असता रीतसर खटल्यावाचून त्र्यंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात कोंडला गेला.

शोधकाचा लाभ १८१७ साली दिसून आला. पुण्यास फौजेचा वेढा पडला. सिंहगड, पुरंदर व रायगड तारण द्यावे लागले. आणि जूनच्या तहात त्र्यंबकजी खुनी असल्याचे पेशव्यांकडून कबूल करून घेण्यात आले. खुनाचा निकाल तहाच्या कलमात लिहिला जावा, हा प्रसंग कोणत्याही कादंबरीकारास सुचला नसता! पुढे १८२६ साली ही हकीकत इतिहासग्रंथात सांगणारा ग्रँट डफ हाही एल्फिन्स्टनच्याच हाताखाली काम केलेला. अर्थात शोधक, फिर्यादी व कथाकार एकाच कचेरीतले झाले.

तथापि डफच्याच ग्रंथात या कथेतील अस्सल पान आहे. पहाऱ्यावर विश्वासाचे म्हणून सगळे गोरे शिपाई नेमले होते. एका अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोडा फिरविण्याच्या निमित्ताने खिडकीखालून गात जाई, व त्या गाण्यातून बंदीस निरोप पोचत, अशी बोलवा डफने नोंदविली आहे. शिपायांच्या कानी गाणे पडे, अर्थ पडत नसे. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी भिंतीस पाडलेल्या भोकातून निसटला. १८१८ साली तो पुन्हा सापडला व अखेर चुनारच्या किल्ल्यात बंदिवान झाला.

या विषयावर कोणी मराठी लेखक रहस्यकादंबरी लिहील, तर त्र्यंबकजीस निर्दोष ठरवावे असा आमचा आग्रह नाही. तसे केल्यास एका कचेरीचा निकाल टाकून दुसरीचा घेतल्यासारखे होईल. आमची अपेक्षा एवढीच की, त्याचा शोधक पंढरपूरचे बडवे, बडोद्याचे कारकून व ठाण्याचा तो मोतद्दार, या सर्वांची भाषा जाणणारा असावा, आणि तहात मिळालेल्या किल्ल्यांपैकी एकही त्याच्या वाट्यास येऊ नये. आज त्या किल्ल्यात ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आहे. त्या भिंतीवरून नित्य जाणाऱ्या आमच्या ठाणेकर वाचकांस तरी शास्त्र्यांच्या खुनाचा निःपक्षपाती तपास अद्याप व्हावयाचा आहे, हे जाणवावे.